अंधारात चमकणारी हिरवी पावडर (स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, १०० ग्रॅमची डबी) – आईच्या जिन्यावर सहा महिने वापरल्यावर लिहितेय

आधी निकाल सांगून टाकते, पावडर चांगली आहे, घ्या. ५ पैकी ४ स्टार. पण डबी उघडली, घरात पडलेल्या कुठल्यातरी रंगात कालवली आणि फासली असं केलंत तर ६५० रुपये गेलेच समजा, माझे पहिले जवळजवळ अडीचशे रुपये असेच गेले, आणि चूक पावडरची नव्हती. हा रंग नाहीये. हे बारीक दळलेले स्फटिक आहेत, आणि त्यांना स्फटिकासारखंच वागवावं लागतं. डबीवर यातलं एक अक्षरही छापलेलं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

घ्यायचं कारण असं की वाईला आमचा जुना वाडा आहे, माडीवर जायला लाकडी जिना, अकरा पायऱ्या, अरुंद आणि उभा, खिडकी नाही. आई ७१ वर्षांची. गेल्या आषाढात रात्री लाइट गेली आणि ती तिसऱ्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नाही पण महिनाभर गुडघा धरून चालत होती. इन्व्हर्टर आहे पण तो खालच्या दोन खोल्यांना, जिन्याला वायरच नाही, आणि सेन्सरवाले बॅटरीचे दिवे दादाने आणले ते दोन महिन्यांत सेल संपून बंद पडले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला असं काहीतरी हवं होतं की ज्याला सेल नको, वायर नको आणि कुणी आठवण ठेवायला नको.

पहिली खरेदी बाजारातल्या एका दुकानातून, "रेडियम पावडर द्या" म्हटल्यावर त्यांनी पिवळसर हिरवं पाकीट दिलं, १२० रुपये. घरी आणून बल्बखाली धरली, लाइट घालवली, मस्त चमकली, आई पण खूश. अर्ध्या तासाने बघितलं तर काहीच नाही. हे पाकीट होतं झिंक सल्फाइडचं, त्यात किंचित तांबं. लहानपणी छताला चिकटवायचो त्या चांदण्या आठवतात ना, झोप लागायच्या आत विझणाऱ्या, त्यातल्या बहुतेक याच्याच. चांदण्यांना ठीक आहे हो, जिन्याला नाही. आणि त्रास हा की दोन्ही पावडरी एकाच नावाने विकल्या जातात, "नाइट ग्लो" नाहीतर "रेडियम", आत काय आहे ते विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं.

रेडियम या शब्दाचं पण सांगते कारण आईचा पहिला प्रश्न तोच होता, "रेडियम म्हणजे ते कॅन्सरवालं ना गं?" आपल्याकडे जे काही अंधारात चमकतं त्याला रेडियमच म्हणतात, नंबरप्लेटवालं रेडियम, रिक्षाच्या मागचं रेडियम. ते गाड्यांवरचं तर स्वतः प्रकाश देतच नाही, हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत फिरवतं एवढंच. खरं रेडियम क्युरी पती-पत्नींनी १८९८ मध्ये शोधलं आणि नंतर कित्येक वर्षं ते घड्याळांच्या काट्यांवर लावायच्या रंगात असायचं, म्हणजे तेव्हाही चमकायचं ते झिंक सल्फाइडच, रेडियम फक्त त्याला रात्रंदिवस किरणोत्साराने ढोसत राहायचं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात ज्या मुली ते काटे रंगवायच्या त्या ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायच्या, आणि त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कितीजणी गेल्या. म्हणून आईची भीती वेडगळ अजिबात नाही, त्या शब्दामागे खरी माणसं मेलेली आहेत. पण या डबीत रेडियम नाही, किरणोत्सर्गी काहीच नाही. स्ट्रॉन्शियम, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, आणि अगदी थोडं युरोपियम आणि डिस्प्रोसियम. (स्ट्रॉन्शियम-९० वेगळं, ते अणुभट्टीतलं. हे खनिजातून निघणारं साधं स्ट्रॉन्शियम.)

हीच पावडर का, ते मला जरा खोलात जाऊन सांगायचंय, कारण मी एमएस्सीला फिजिक्स केलंय, प्रोजेक्ट थर्मोल्युमिनिसन्सवर (तापवल्यावर साठवलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते त्यावर) होता, आणि पुढे नोकरीत ते सगळं मागे पडलं. या जिन्याच्या निमित्ताने परत हातात आलं याचा मला फार आनंद झालाय.

आमच्या वाड्याचंच उदाहरण घेऊ. तळमजल्यावर इलेक्ट्रॉन बसलेत, अगदी ठासून, हलायला जागा नाही. वर माडी आहे, ती रिकामी, तिथे गेलेला इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो. आणि मधे जिनाच नाही. तळमजल्यापासून माडीपर्यंत उचलायला जेवढी ऊर्जा लागते तिला बँड गॅप म्हणतात. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये ही उंची ६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही (हे अशी छोटी ऊर्जा मोजायचं माप) वर आहे, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात फारतर ३ च्या आसपास दम असतो, म्हणजे दिसणारा प्रकाश या स्फटिकाला काहीच करू शकत नाही, आरपार निघून जातो. शुद्ध स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट म्हणून पांढरंच, नुसतं पीठ, अंधारात ढिम्म.

मग त्यात भट्टीत युरोपियम मिसळतात. युरोपियमचे अणू स्ट्रॉन्शियमच्या जागा पकडून बसतात आणि त्यांची स्वतःची पातळी तळमजला आणि माडी यांच्या मधे कुठेतरी असते. तिथून माडी खूपच जवळ. आता निळा किंवा जांभळा किंवा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की युरोपियमचा इलेक्ट्रॉन उडी मारून माडीच्या तोंडाशी पोचतो. लगेच खाली आला तर हिरवा प्रकाश देतो, तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास, आणि काम संपलं. पण काही इलेक्ट्रॉन माडीवर फिरता फिरता वाटेतल्या पोटमाळ्यात अडकतात. पोटमाळा म्हणजे माडीच्या जराशी खाली असलेली जागा, तिला ट्रॅप म्हणतात, आणि डिस्प्रोसियम घातल्याने नेमके हे पोटमाळे भरपूर आणि योग्य खोलीचे तयार होतात. खोली साधारण ०.६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. खोलीतली जी साधी ऊब आहे ना, तिचे सारखे हलके धक्के बसत असतात, एका धक्क्यात बाहेर पडण्याएवढे नाही, पण लाखो धक्क्यांत एखादा जमून येतो आणि इलेक्ट्रॉन परत माडीवर, तिथून युरोपियमकडे, आणि तिथे हिरव्या उजेडाचा एक कण. संध्याकाळी घेतलेला उजेड पहाटेपर्यंत थोडा थोडा परत मिळतो तो असा.

सगळी कमाल त्या पोटमाळ्याच्या खोलीत आहे. उथळ असला तर इलेक्ट्रॉन दोन-चार मिनिटांत बाहेर, जरा जास्त खोल असला तर बाहेर पडतच नाहीत. हॉस्पिटलात एक्स-रे विभागातले लोक छातीवर बॅज लावतात बघा, आपल्या देशात त्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्यातही हेच डिस्प्रोसियम. तिथे ट्रॅप मुद्दाम खोल असतात म्हणजे महिनोनमहिने काही गळत नाही, मग लॅबमध्ये दोनशे अंशांच्या वर तापवलं की साठवलेलं सगळं प्रकाशाच्या रूपात बाहेर येतं आणि त्या माणसाला किती डोस बसला ते मोजता येतं. माझा प्रोजेक्ट याच जातीचा होता. तेव्हा ग्लो कर्व्ह (तापवताना उजेड कसा बदलतो त्याचा आलेख) काढताना मला कधी वाटलं नव्हतं की हे आईच्या पायाखाली घालेन.

युरोपियम आणि डिस्प्रोसियमची ही जोडी जपानमधल्या नेमोतो कंपनीच्या लोकांनी बसवली, त्यांचा पेपर १९९६ चा. त्याआधी शतकभर झिंक सल्फाइडवरच दिवस काढले लोकांनी. आणि सगळ्यात पहिली गोष्ट तर इटलीतल्या बोलोन्याची, १६०३ च्या सुमारास व्हिन्चेन्झो काशारोलो नावाच्या चांभाराने डोंगरातला जड दगड कोळशाबरोबर भाजला, सोनं मिळेल म्हणून, आणि तो दगड उन्हात ठेवून अंधारात आणला की चमकायला लागला. किती सुंदर वाटलं असेल त्याला!

बरं, आता वापर.

ही डबी ऑनलाइन घेतली, वर्णनात "स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, युरोपियम, डिस्प्रोसियम" असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि कणांचा आकारही दिला होता. या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर घेऊच नका. डबी नीट सीलबंद, आत जाड प्लास्टिकची पिशवी, रंग फिकट पोपटी. बोटांत चोळली तर बारीक रेतीसारखी लागते, ते स्वस्त पाकीट मैद्यासारखं मऊ होतं. (चोळून बघितल्यावर हात धुवा, आणि डबीतून काढताना नाकाला मास्क लावाच, किरणोत्सार नाही म्हणून धूळ श्वासात गेली तर चालेल असं नसतं. ओली झाली की ही अल्कली होते, डोळ्यात गेली तर चांगलीच झोंबेल. लहान मुलांच्या तोंडाला लावायचे व्हिडिओ फिरतात, कृपा करून तसं करू नका.)

पहिला प्रयोग मी चुकवला. घरात पांढरं इमल्शन पडलं होतं, त्यात चाळीसेक ग्रॅम पावडर कालवून दोन पायऱ्यांच्या कडा रंगवल्या. पहिल्या रात्री मंद, आणि दोन आठवड्यांत जवळपास मेलंच. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा दोन्ही कारणं समोरच होती. पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा टायटॅनियम डायॉक्साइडचा असतो, त्याचाही बँड गॅप आहे, पण ३ च्याच आसपास, म्हणजे जो जांभळा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश माझ्या पावडरीला हवाय तो हाच आधी गिळून टाकतो, आणि जो थोडा निळा उरतो तो त्या पांढऱ्या कणांवर आपटून मागे फिरतो. आणि दुसरं, इमल्शन म्हणजे पाणी. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट पाण्यात हळूहळू फुटतं, स्फटिकाची रचनाच मोडते, आणि रचना मोडली की माडी नाही, पोटमाळा नाही, काहीच नाही, उरतं ते पांढरं मेलेलं पीठ.

हे पाण्याचं घरी तपासता येतं, आणि झिंक सल्फाइड की ॲल्युमिनेट हेही त्यातच कळतं. चिमूटभर पावडर वाटीत पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी त्या पाण्यात हळदीत बुडवून वाळवलेला कागद टाका. लाल झाला तर पाणी अल्कली झालंय, म्हणजे पावडर ॲल्युमिनेटची आहे आणि तिच्या कणांवर पाणी अडवणारं कोटिंग नाही. कुंकू करतात ती जुनी रीत तीच ना, हळदीला चुना लागला की लाल. माझ्या डबीतल्या पावडरीने कागद चांगला लाल केला, त्या १२० रुपयांच्या पाकिटाने काहीच केलं नाही. फक्त कोटिंग केलेली पावडर असेल तर तीही कागद लाल करणार नाही, मग ओळख चमक किती वेळ टिकते त्यावरूनच करावी लागेल.

दुसऱ्या वेळी नीट केलं. सुताराकडून प्रत्येक पायरीच्या कडेला एक सेंटिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर खोल खाच काढून घेतली, म्हणजे पाय थेट पट्टीवर घासत नाही. खाचेत आधी पांढरा ऑइलपेंट, तो पूर्ण वाळू दिला. इथे मात्र पांढरा हवाच, कारण तो खाली असतो, पावडरीचा जो हिरवा प्रकाश खाली जातो तो वर परतवतो, काळ्या लाकडावर थेट लावली तर निम्मा उजेड लाकूडच खाऊन टाकतं. मग पारदर्शक इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) आणि पावडर सारख्या वजनाने. अकरा पायऱ्यांना मिळून पंचावन्न ग्रॅमच्या आसपास पावडर लागली, पायरी साठ सेंटिमीटर रुंद आहे त्या हिशोबाने. थोडी थोडी कालवा, एकदम नको, कारण हे कण इपॉक्सीपेक्षा तिप्पट जड, पाच मिनिटांत तळाला बसतात आणि वरवर नुसतं रेझिन उरतं. प्लास्टिकचा चमचा किंवा आइस्क्रीमची काडी घ्या, स्टीलचा चमचा नको, हे कण इतके कडक असतात की स्टील खरवडलं जातं आणि मिश्रण राखाडी पडतं, मी पहिल्या वाटीत हे डोळ्यांनी बघितलं. आणि पावडर गुठळ्या आहेत म्हणून खलबत्त्यात कुटू नका! कण जेवढा मोठा आणि अख्खा तेवढी चमक जास्त, कुटलं की पृष्ठभागावरचे तुटके भाग वाढतात आणि इलेक्ट्रॉन तिथे उगाच वाया जातात, उजेड न देता.

वरून क्लिअर कोट द्यायचा असेल तर उन्हापासून संरक्षण देणारा नको. दुकानदार हमखास तोच महागडा काढून देतो, कारण लाकडासाठी तो चांगलाच असतो, पण त्यात अल्ट्राव्हायोलेट अडवणारं द्रव्य असतं आणि आपल्याला नेमकं ते आत यायला हवंय. साधा घ्या.

आता किती वेळ चमकते. विकणारे लिहितात १२ तास. मी औषधाच्या बाटल्यांची तीन बुचं घेतली, एकात स्वस्त पाकीट, एकात या पावडरीचा पातळ थर, एकात जाड थर, तिन्ही नऊ वॉटच्या पांढऱ्या एलईडी बल्बखाली हातभर अंतरावर पंधरा मिनिटं ठेवली आणि रात्री ९:४० ला लाइट बंद. पहिल्या पाच मिनिटांत तिन्ही छान, स्वस्तवाली तर अनोळखी माणसाला सरसच वाटेल आणि इथेच फसायला होतं. १०:१५ ला स्वस्तवाली शोधावी लागत होती. ११ ला या पावडरीची दोन्ही बुचं आरामात दिसत होती पण पहिल्या पाच मिनिटांतली ती चमक आता नाही, हे ध्यानात ठेवा. पहिला अर्धा तास उजेड भराभर उतरतो आणि मग ती लांबच लांब शेपूट सुरू होते. पहाटे ४ ला गजर लावून उठले, जाड थर लगेच दिसला, पातळ थर दोन मिनिटं अंधारात बसल्यावर. म्हणजे १२ तास खोटं नाही, पण ते अंधाराला सरावलेल्या डोळ्यांचे १२ तास आहेत. कंपन्या जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा उजेड प्रति चौरस मीटर ०.३२ मिलिकँडेलापर्यंत (हे उजेड मोजायचं माप) उतरायला लागणारा वेळ असतो, आणि सरावलेल्या डोळ्याला त्याच्याही शंभरपट कमी उजेड दिसू शकतो. आपला डोळा किती नाजूक काम करतो बघा.

जिन्यासाठी हे कसं जुळून येतं ते मला वापरल्यावरच कळलं. लाइट अचानक जाते तेव्हा आईचे डोळे उजेडातून आलेले असतात, त्यांना काही दिसत नसतं, पण तेव्हा पट्ट्याही नुकत्याच बल्बखाली भरलेल्या असतात, म्हणजे सगळ्यात जास्त चमकत असतात. आणि मध्यरात्री ती बाथरूमला उठते तेव्हा पट्ट्या मंद झालेल्या असतात पण तिचे डोळे तीन-चार तास अंधारात असतात. दोन्ही वेळा पुरतं. बॅटरीच्या दिव्याने हे जमलं नव्हतं.

आणि जिन्यावर हे लावणारी मी काही पहिली नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटात लाइट गेली आणि माणसं काळोख्या जिन्यांत अडकली, त्यानंतर तिथल्या पायऱ्यांना असा चमकणारा रंग लावला गेला, आणि २००१ मध्ये त्याचा उतरणाऱ्यांना उपयोग झाला. पुढे त्या शहराने २००४ च्या कायद्याने उंच ऑफिस इमारतींच्या जिन्यांत या पट्ट्या सक्तीच्या केल्या. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या जिन्यांत हे का नसावं असं मला मनापासून वाटतं, खर्च लिफ्टच्या एका दुरुस्तीएवढाही नाही.

बल्बचं महत्त्वाचं. पट्ट्या भरायला निळा किंवा त्याहून जास्त ऊर्जेचा प्रकाश लागतो. पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळी चिप असते, ४५० नॅनोमीटरच्या आसपास, तिच्यावर सिरियम घातलेल्या यॅग स्फटिकाचा पिवळा थर, निळा आणि पिवळा मिळून पांढरा दिसतो (हेसुद्धा ऑक्साइडच, आणि हीसुद्धा ल्युमिनिसन्सचीच करामत). म्हणून कूल व्हाइट बल्ब चांगला भरतो, वॉर्म व्हाइट कमी, जुना पिवळा तारेचा बल्ब फारच कमी, आणि झिरोचा लाल दिवा शून्य. आमच्या जिन्यात वॉर्म व्हाइट होता, तो बदलून कूल व्हाइट लावला तेव्हा फरक आईलाही न सांगता कळला. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर अर्ध्या मिनिटात छोटी पट्टी भरते. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर सेकंदांत, पण ती डोळ्यांत मारू नका कुणाच्या.

एक गंमत पुतण्याला दाखवली ती तुम्हीही करा. भरलेलं बुच बर्फाच्या कप्प्यात अर्धा तास ठेवा. बाहेर काढाल तेव्हा अगदी मंद, विझल्यासारखं. आता तळहातावर धरा. उजेड परत वाढायला लागतो! कुठलाही नवा प्रकाश न देता, नुसत्या हाताच्या उबेने. गारठ्यात धक्के कमी बसले म्हणून इलेक्ट्रॉन पोटमाळ्यातच बसून राहिले होते, ऊब मिळाली तसे बाहेर आले. पुतण्या आठवीत आहे, त्याने सलग चार वेळा करून बघितलं आणि मग विचारलं, "आत्या, मग आजीच्या पट्ट्या थंडीत कमी चमकणार?" बरोबर विचारलं त्याने. वाईची डिसेंबरातली थंडी लागली तेव्हा रात्रीच्या सुरुवातीला थोडी कमी वाटली मला, पण पहाटेपर्यंत टिकली मात्र छान, साठवलेलं सावकाश खर्च झालं म्हणून. बर्फाच्या कप्प्याएवढा फरक काही पडत नाही.

दुसरे रंग घ्यायचे का? निळसर हिरवी मिळते, तीही युरोपियम-डिस्प्रोसियमचीच पण स्फटिक थोडा वेगळा, ४९० नॅनोमीटरची, ५० ग्रॅम आणून बघितली, चांगलीच आहे. रात्रीचा डोळा ५०७ च्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो, त्यामुळे दोन्ही जवळ पडतात, मला तरी अंधारात दोघींमध्ये डावं-उजवं करता आलं नाही, आणि महाग आहे. लाल नको. लालमध्ये टिकणारं अजून तरी तसं काही मिळत नाही, आणि रात्रीच्या डोळ्याला लाल दिसतच नाही धड.

एक स्टार का कापला. डबीवर पाण्याबद्दल इशारा नाही, आणि कोटिंग आहे की नाही तेही लिहिलेलं नाही, विकणाऱ्याला विचारलं तर दोन दिवसांनी "वॉटरप्रूफ है मॅडम" एवढंच उत्तर आलं, आणि हळदीच्या कागदाने त्याचं उत्तर चूक ठरवलं. इपॉक्सीत पूर्ण बुडालेली असेल तर घरात काही होत नाही, सहा महिन्यांत माझ्या पट्ट्यांवर एकही पांढरा डाग नाही, आई रोज ओल्या फडक्याने जिना पुसते तरी. पण अंगणात, गच्चीवर, बाथरूममध्ये लावणाऱ्याने त्या उत्तरावर भरवसा ठेवून साध्या वार्निशमध्ये कालवली तर त्याचं माझ्या इमल्शनसारखंच होईल. बाहेरसाठी कोटिंगवालीच मागा, किलोमागे महाग पडते आणि चमक किंचित कमी असते, पण पाणी सोसते.

गणपतीत पाहुणे आले होते तेव्हा रात्री आरतीनंतर मुद्दाम जिन्याची लाइट घालवून दाखवली, अकरा हिरव्या रेघा एकावर एक, मामा म्हणाले दिवाळीसारखं वाटतंय. आईने त्या रात्री पहिल्यांदा कठडा न धरता चालून दाखवलं आणि मी तिला ओरडले, कठडा धरायचाच, पट्टी पायरी दाखवते, तोल सांभाळत नाही.

दुसरी डबी मागवलीये, यावेळी कोटिंगवाली. मागच्या दारी न्हाणीघराकडे जायच्या दगडी पायऱ्या आहेत चार, तिथे पाऊस थेट पडतो आणि शेवाळ धरतं. तिथलं कसं टिकतंय ते पावसाळा संपल्यावर इथेच लिहीन.